छातीखालचा गारवा

धीरेनभाई कापसींनी चिप्सची एक उंच चळत पुढे सरकवली आणि ते निवांतपणे चष्मा पुसू लागले. आता पाळी तारिणी वालावलकरची होती.

पणजीला मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजाच्या वरच्या मजल्यावर ओमाहा पोकरची स्पर्धा चालू होती. ओमाहात प्रत्येकाला चार पानं मिळतात. टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडतात. हातातली नेमकी दोन आणि टेबलावरची तीन धरून ज्याचा संच वरचढ ठरेल, तो जिंकतो. समोरच्याने पैज लावली की तीन वाटा असतात. पानं टाकून द्यायची; किंवा तेवढ्याच चिप्स भरून सोबत राहायचं, म्हणजे कॉल करायचा; किंवा पैज वाढवायची, म्हणजे रेझ.

टेबलावर तीन पानं उघडी होती. बदामाची नव्वी, बदामाची अठ्ठी आणि किलवरची सत्ती. तारिणीच्या हातात दोन राजे, एक गुलाम आणि एक दश्शी. सत्तीपासून गुलामापर्यंत सलग पाच पानं जुळली होती. त्या क्षणी याहून मोठा संच कुणाच्याच हातात असणं शक्य नव्हतं. दोघांपुढेही चिप्सचे डोंगर होते. दोरीपलीकडे उभे असलेले प्रेक्षक पुढे झुकले, कारण इतकी ताकदीची पानं असताना माणूस रेझ करतो.

तारिणी काही मोजत नव्हती, धीरेनभाईंच्या चेहऱ्याकडेही बघत नव्हती. ती नुसती थांबली होती. मग छातीच्या हाडाखाली, पुदिन्याची गोळी चघळल्यावर पसरतो तसा, गारवा पसरला.

"कॉल," ती म्हणाली.

चौथं पान उघडलं, बदामाची दुर्री. धीरेनभाईंनी आधीपेक्षा कितीतरी मोठी पैज लावली. तारिणीने पानं टाकून दिली. धीरेनभाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिले आणि गरज नसताना त्यांनी आपली पानं उलटी केली. त्यांच्याकडेही गुलाम आणि दश्शी होती. शिवाय बदामाचा एक्का आणि बदामाची पंजी. टेबलावरच्या तीन बदामांशी मिळून पाच बदाम झाले होते, आणि एकाच रंगाची पाच पानं सलग पाचांवर भारी पडतात.

म्हणजे तीन पानं उघडली तेव्हा दोघंही बरोबरीत होते. पण धीरेनभाईंचा हात अजून वाढू शकत होता, तारिणीचा वाढू शकत नव्हता. तिने रेझ केली असती तर त्यांनी उलट रेझ केली असती, आणि बघता बघता सगळ्या चिप्स मध्ये गेल्या असत्या. तिचं नशीब फार चांगलं असतं तर अर्धा वाटा मिळाला असता. नाहीतर सगळं गेलं असतं.

"कसं ओळखलंस, बेन?" विश्रांतीच्या वेळी डेकवर चहा घेताना धीरेनभाईंनी विचारलं. मुंबईत त्यांचा कापडाचा धंदा होता आणि ते तारिणीचा जन्म होण्याच्या आधीपासून पत्ते खेळत होते.

"ओळखलं नाही. वाटलं."

"वाटतं तर मलापण," ते म्हणाले. "पण मला रोज वेगळं वाटतं."

तारिणीला रोज तेच वाटत असे. त्यासाठी तिने आयुष्याचं जवळजवळ एक वर्ष दिलं होतं.

ओमाहाचं गणित बराच काळ यंत्रांनाही झेपलं नव्हतं. चार पानांचे हातच लाखांवर होतात, आणि समोर चिप्सचे ढीग खोल असले की प्रत्येक निर्णयाला पुढे फांद्या फुटत जातात. ढीग उथळ असतील तर चांगलं पान आलं की सगळं आत टाकून मोकळं होता येतं. ढीग खोल असतील तर प्रत्येक रेझ पुढच्या टप्प्यावरची आणखी मोठी रेझ ओढवून आणते. कच्चे हात असलेले लोक घाबरून निघून जातात आणि समोर उरतो तो तुमच्याहून पक्का हात असलेला माणूस. म्हणून ताकदीचा हात असताना पैज वाढवायची की नुसतं सोबत राहायचं, हा या खेळातला सगळ्यात अवघड प्रश्न. नव्या जातीचे संगणक निघाल्यावर यंत्रांनी तोही सोडवला. पण टेबलावर यंत्र नेता येत नाही. फोन, घड्याळ, अंगठी, सगळं दाराशी काढून ठेवावं लागतं. आणि यंत्राने काढलेली उत्तरं पाठ करायला माणसाचा जन्म पुरणार नव्हता.

यातून वाट काढली ती डॉ. एल्विरा मिनेझिश यांनी, आणि तीसुद्धा पत्त्यांसाठी नव्हे. पर्वरीला त्यांची प्रयोगशाळा होती. पक्षाघाताच्या रुग्णांना पुन्हा चालायला शिकवणं हे त्यांचं काम. आपण एखादी गोष्ट चुकीची करतो, तेव्हा ते आपल्याला कळण्याच्या किंचित आधी मेंदूच्या आत एक ठिणगी पडते. 'हे बरोबर', 'हे चुकलं', असा तो मेंदूचा खाजगी कौल. एल्विरांनी कपाळावर बांधायची एक पट्टी बनवली. ही पट्टी तो कौल टिपते, आणि कौल खरा असेल तर अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडून तो पक्का करते. असं हजारो वेळा झालं की तो कौल अंगात उतरतो. रुग्णाला पाऊल कसं टाकायचं याचा विचार करावा लागत नाही.

पट्टीला यंत्राची जोड देऊन तेच पत्त्यांच्या बाबतीत करता येईल, ही कल्पना तारिणीची. तिने स्वतः एल्विरांकडे जाऊन ती मांडली होती. महिन्यांमागून महिने ती पट्टी बांधून स्क्रीनसमोर हात खेळत बसली. तिचा कौल यंत्राच्या उत्तराशी जुळला की पट्टी तो पक्का करायची. हळूहळू तिच्या शरीराने स्वतःची एक भाषा तयार केली. तळहातांत ऊब आली की वाढव. छातीखाली गारवा आला की नुसता कॉल. पोटात आवळल्यासारखं झालं की टाकून दे. कारण तिला कधीच कळत नसे. नंतर यंत्राला विचारलं की ते तेच सांगत असे.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी वाद घातला, समिती नेमली आणि शेवटी परवानगी दिली. धावपटू पायांना शिकवतो, हिने पोटाला शिकवलं, असं समितीच्या अध्यक्षांचं म्हणणं पडलं. दोनेक वर्षांत ही पट्टी इतरत्रही गेली. पुण्यात निर्णयक्षमतेचे क्लास निघाले. शेअरबाजारात, कंपन्यांच्या मुलाखतींत, न घाबरणारे, न घुटमळणारे, शांत चेहऱ्याचे लोक दिसू लागले.

वेंगुर्ल्यात तारिणीच्या घरचा काजूचा कारखाना होता. वडील दिगंबर वालावलकर यांनी तो उभा केला होता आणि आता धाकटा भाऊ निशिकांत तो बघत होता. मुलगी पत्ते खेळून पोट भरते हे बाबांनी गावात कुणाला सांगितलं नव्हतं. 'गोव्यात असते, गणिताचं काहीतरी करते,' एवढंच ते सांगत. तरी ती घरी आली की ओटीवर तिच्यासमोर बसून ते विचारायचे, "काय गो, कोणाक लुटलंस?" आणि मनापासून हसायचे.

एकदा जेवताना निशिकांत म्हणाला, "ताई, आफ्रिकेतून कच्चा काजू उचलायचा का आत्ता? भाव उतरलाय. पण अजून उतरेल असंही वाटतं."

तारिणीला काजूच्या बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रश्न ऐकताच छातीखाली गारवा पसरला, टेबलावर पसरतो अगदी तसा.

"थांब," ती म्हणाली.

निशिकांत थांबला. भाव खरंच आणखी उतरला. त्यानंतर तो तिला वरचेवर फोन करू लागला. नवं यंत्र घेऊ का, अमुक व्यापाऱ्याला माल देऊ का, मुलाला बोर्डिंगला घालू का. प्रत्येक वेळी तिच्या अंगातून उत्तर यायचं आणि ती ते सांगायची. कधी ते बरोबर निघे, कधी चुके. चुकलेली कुणाच्या लक्षात राहत नसत, कारण उत्तर देताना ती कधीच अडखळत नसे.

कौस्तुभ तुयेकर नावाचा तिचा एक जुना मित्र होता, दोनापावलाला समुद्रशास्त्राच्या संस्थेत काम करणारा. त्याने एका संध्याकाळी लग्नाचं विचारलं तेव्हाही तिला गारवाच जाणवला. "घाई कशाला? बघू," ती म्हणाली. तो काही काळ थांबला, मग नॉर्वेला नोकरी मिळाली तशी निघून गेला. तारिणीने त्याबद्दल फारसा विचार केला नाही. हात नीट खेळला गेला होता, एवढंच तिला वाटलं.

मग बाबांच्या पोटाची तपासणी झाली. पित्ताच्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली आणि त्यात भलतंच दिसलं. हृदयातून पोटात उतरणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगली होती.

पणजीच्या इस्पितळात डॉ. रायकर नावाच्या सर्जनने तिघांना समोर बसवून समजावलं. फुगा फुटला तर माणूस वाचणं कठीण. ऑपरेशन करावंच, असं जे माप धरतात त्याच्या किंचित अलीकडे तो होता. तारेने आतून जाळी बसवावी तर वाहिनीचा आकार वेडावाकडा, म्हणजे पोट उघडावं लागणार. आणि बाबांची फुप्फुसं काजूच्या टरफलांच्या धुराने आणि जन्मभराच्या विड्यांनी खराब झालेली, त्यामुळे भूल देण्यातही धोका होता. इस्पितळाच्या यंत्राने सगळे आकडे घेऊन दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखंच वजन दिलं होतं.

"थांबून दर काही महिन्यांनी स्कॅन करत राहणं, हीसुद्धा उपचाराचीच पद्धत आहे," डॉ. रायकर म्हणाले. "दोन्ही चालेल. तुम्ही घरात बोला."

बाहेर बाकावर येऊन बसल्यावर बाबांनी डॉक्टरांचं नावही काढलं नाही. ते तारिणीकडे वळले.

"तुका काय वाटता?"

निशिकांतही तिच्याकडेच बघत होता. तारिणी थांबली, आणि गारवा आला. इतका स्वच्छ, इतका ठाम, की तिला जवळजवळ आनंद झाला.

"थांबूया, बाबा. आत्ता ऑपरेशन नको."

बाबांचे खांदे सैल झाले. "मगे जावंदे," ते म्हणाले. "चल निशी, खंय तरी मासे जेवया."

पट्टी वापरणाऱ्या सगळ्यांना मधूनमधून पर्वरीला तपासणीसाठी जावं लागे. त्या वेळी एल्विरांनी तारिणीला पत्ते दिलेच नाहीत. त्यांनी तिला जगभरातल्या अनोळखी गावांच्या जोड्या दाखवल्या आणि यातल्या कुठल्या गावात जास्त पाऊस पडतो ते विचारलं. नंतर अनोळखी माणसांचे फोटो दाखवले. यांच्यातलं कोण खोटं बोलतंय? मग दोन कंपन्यांची नावं. यातली कुठली बुडाली? तारिणीने सगळ्यांची उत्तरं दिली. कपाळाच्या पट्टीतून आलेली रेघ एल्विरा बघत होत्या.

"तुला खात्री होती?" त्यांनी विचारलं.

"हो. बहुतेक सगळ्यांची."

"निम्मी चुकली. नाणं उडवलं असतंस तरी एवढीच चुकली असती." एल्विरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली. "आणि खात्रीची रेघ बघ. पत्त्यांत असते तेवढीच उंच. तू एकटी नाहीस. पट्टी वापरलेल्या सगळ्यांचं हेच दिसतंय. आधी माझा विश्वास बसला नाही, म्हणून पुन्हा पुन्हा तपासलं."

"म्हणजे यंत्र बिघडलंय?"

"यंत्राने सांगितलं तेवढंच केलं. बरोबर असल्याची जी भावना असते, ती आपण पक्की केली. पत्त्यांत तिच्यामागे हजारो हातांचा सराव आहे, म्हणून तिथे ती खरी ठरते. पण त्या भावनेला कुंपण नाही, तारिणी. कुठलाही प्रश्न आला की ती उठते. तिला काय माहीत, समोर पत्ते आहेत की आणखी काही?"

तारिणीने स्क्रीनवरून नजर काढली. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर नारळ उतरवणारं एक यंत्र सावकाश झाडावर चढत होतं.

"डॉक्टर, बाबांच्या ऑपरेशनबद्दल मी थांबायला सांगितलं."

"ते चूक आहे असं मी म्हणत नाही."

"मग बरोबर आहे?"

"तेही म्हणत नाही. तुला वाटलं, एवढंच खरं. बाकी त्या वाटण्यात काहीही नाही." एल्विरांनी पट्टी तिच्या कपाळावरून सोडवली. "हे उलटं करता येतं. जुळो न जुळो, वाटेल तसा प्रवाह सोडत राहिलं की कौल विस्कटतो. पण मग पत्त्यांतलाही जाईल. वेगळा काढता येत नाही."

ती रविवारी वेंगुर्ल्याला गेली. बाबा ओटीवर वर्तमानपत्र वाचत होते. निशिकांत हिशेब आवरून आत आला होता. तिने दोघांना सगळं सांगितलं. पट्टीचं, गावांच्या पावसाचं, निम्म्या चुकलेल्या उत्तरांचं.

"पण ताई, काजूचं तर बरोबर आलं होतं," निशिकांत म्हणाला.

"नाणंही कधीकधी बरोबर पडतं, निशी."

"मग आत्तापर्यंत तू जे सांगत होतीस ते काय होतं?"

"माहीत नाही. मला खात्री वाटत होती, म्हणून सांगत होते."

बाबांनी वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, पण थकलेला दिसत होता. "तू सांगलंस म्हणान माका झोप लागली," ते म्हणाले. "डॉक्टरान तर नुसते आकडे दिल्यान. आकड्यांवर झोप येना नाय. मगे आता ठरवूचा कोणी?"

त्या प्रश्नावर तिच्या छातीखाली पुन्हा गारवा आला. थांब. या वेळी तिने ते सांगितलं नाही.

पुढचे काही दिवस तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. ती प्रश्न विचारत बसली. डॉ. रायकरांकडे पुन्हा गेली, फुप्फुसांची वेगळी चाचणी करून घेतली, दुसऱ्या सर्जनचं मत घेतलं. फुग्याची भिंत एका बाजूला पातळ दिसत होती. फुप्फुसं वाईट होती, पण वाटली होती तितकी नव्हेत. कुणीच नक्की सांगत नव्हतं. ती प्रत्येक गोष्ट आणून बाबांसमोर ठेवायची आणि पुढे काही जोडायची नाही. हे तिला फार जड जात होतं. जीभ प्रत्येक वेळी वाक्य पुरं करायला धावायची.

बाबांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाळलं. मग सकाळी चहाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "पोटात बॉम्ब घेवन मी फिरूचंय नाय. तारीख घेवा."

तारीख मिळाली ती जहाजावरच्या त्या वर्षीच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीनंतर लगेचची. बाबांनीच तिला पणजीला पिटाळलं.

अंतिम टेबलावर दुपारपर्यंत तिघंच उरले होते. तारिणी, धीरेनभाई आणि हैदराबादचा एक तरुण खेळाडू. या स्पर्धेत सुरुवातीलाच चिप्सचे ढीग खूप मोठे देत, त्यामुळे शेवटालाही कुणी घाईत नव्हतं. तारिणीच्या हातात राजांची जोडी आणि दोन किरकोळ पानं आली. टेबलावर पहिली तीन पानं उघडली. चौकटचा राजा, इस्पिकची दश्शी, इस्पिकची नव्वी.

तीन राजे. याहून वरचढ ठरेल असा एकच संच होता, राणी-गुलाम असलेल्याचा सलग पाचाचा. आणि टेबलावरच्या एखाद्या पानाची जोडी लागली तर राजे त्यालाही खाऊन टाकणार होते.

धीरेनभाईंनी पैज लावली.

गारवा आला. कॉल.

तारिणीने चिप्सवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. गेले काही आठवडे ती या गारव्याशी झगडत होती. सकाळी उठल्यावर, बाबांना गोळ्या देताना, इस्पितळाच्या अर्जावर सही करताना, तो सतत येत होता, थांब म्हणत होता, आणि ती त्याला 'तुला काही कळत नाही' असं बजावत होती. आता टेबलावर तोच गारवा आला, आणि तो त्या दुसऱ्या गारव्यासारखा तंतोतंत होता. तिने स्वतःहून विचार करायचा प्रयत्न केला. राणी-गुलाम त्यांच्याकडे असेलच असं कुठे आहे? हातातल्या दोन इस्पिकवर, टेबलावर तिसरं पडेल या आशेने, जुगार खेळत असतील. आत्ताच वाढवलं नाही तर त्यांना स्वस्तात पुढचं पान बघायला मिळेल. सगळे मुद्दे योग्य वाटत होते. योग्य वाटणं हीच तर अडचण होती.

"रेझ," ती म्हणाली.

धीरेनभाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि उलट रेझ केली. आता मागे फिरणं नव्हतं. इतकं मध्ये गेल्यावर तीन राजे टाकून देता येत नाहीत. तिने सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. त्यांनी राणी आणि गुलाम उलटे केले. बरोबर दोन इस्पिकची पानंही होती. पुढची दोन पानं काहीच जोडी न लावता पडली.

धीरेनभाईंनी उठून हात पुढे केला. "आज वेगळं वाटलं, बेन?"

"नाही," तारिणी म्हणाली. "तेच वाटलं. मी ऐकलं नाही."

जेटीवर उतरल्यावर तिने एल्विरांना फोन केला आणि हात सांगितला. पलीकडे एल्विरांनी तो यंत्राला दिला. उत्तर यायला थोडा वेळ लागला.

"कॉल," एल्विरा म्हणाल्या. "बाकी काही सुचवतच नाहीये. कॉल करूनही तू हरली असतीस बहुधा. पण थोड्या चिप्सवर भागलं असतं."

निशिकांतला ही हकीकत कळली ती इस्पितळात, ऑपरेशनच्या आदल्या दुपारी. तो कॉरिडॉरमध्ये उभा राहून ऐकत होता. तिचं बोलणं संपलं तसा त्याने तिचा दंड धरला.

"म्हणजे तुझं वाटणं बरोबरच होतं! तू ऐकलं नाहीस म्हणून हरलीस. ताई, अजून वेळ गेलेली नाही. मी डॉ. रायकरांना सांगतो. बाबांना घरी नेऊया."

"ते पत्त्यांत बरोबर होतं, निशी."

"आणि इथे? आत्ता काय वाटतंय तुला? खरं सांग."

तारिणी खोटं बोलू शकली असती. "थांबायला हवं असं वाटतंय," ती म्हणाली. "कधी वाटलं नव्हतं इतकं जोरात वाटतंय."

"मग?"

"मग काही नाही. बाबांनी ठरवलंय. आणि त्यांनी बसून, सगळं ऐकून ठरवलंय. माझ्या वाटण्यामागे काहीही नाही."

निशिकांतचे डोळे भरून आले होते. "काही झालं ना बाबांना, तर मी तुझ्याशी बोलणार नाही," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

सकाळी बाबांना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ती सोबत चालत गेली. अंगातला प्रत्येक स्नायू त्या चाकांना मागे खेचायला सांगत होता. टेबलावर इतका स्पष्ट कौल तिने आयुष्यात एकदाच डावलला होता, आणि त्याला पुरते दोन दिवसही झाले नव्हते. थिएटरच्या दाराशी नर्सने तिला थांबवलं. बाबांनी चादरीतून हात काढून तिच्या मनगटावर ठेवला. त्यांना भीती वाटत होती हे तिला दिसलं, आणि तिने त्यांना 'सगळं नीट होईल' असं म्हटलं नाही. नुसता हात घट्ट धरला. मग दार बंद झालं.

निशिकांत येऊन दोन खुर्च्या सोडून बसला. त्याने कॅन्टीनमधून दोन चहा आणले होते. एक तिच्याकडे सरकवला, न बघता.

दुपार कलली तेव्हा डॉ. रायकर बाहेर आले. टोपी काढताना त्यांच्या कपाळावर इलॅस्टिकचा वळ दिसत होता. "झालं," ते म्हणाले. "रक्त बरंच गेलं, पण सावरलं. फुप्फुसांवर पुढचे काही दिवस लक्ष ठेवायचं. भूल उतरतेय. एकेक करून बघून या."

निशिकांत तोंड झाकून रडू लागला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "डॉक्टर, थांबलो असतो तर... फुटलं असतं का?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही," डॉ. रायकर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

तारिणी भिंतीला टेकून उभी होती. डॉक्टर हसतमुखाने बाहेर आले होते, वडील जिवंत होते, भाऊ रडून हलका होत होता. आणि तिच्या छातीखालचा गारवा होता तसाच होता. तसूभरही हलला नव्हता. ऑपरेशन होऊन गेलं होतं आणि अंग अजून सांगत होतं, करू नका, थांबा. तेव्हा तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तिने फोन काढला आणि एल्विरांना लिहिलं, 'उलटं करायला कधी येऊ?' काही क्षणांत उत्तर आलं, 'नक्की? पत्तेही जातील.' तिने लिहिलं, 'नक्की माहीत नाही. तारीख द्या.'

"तू जा आधी," निशिकांत नाक पुसत म्हणाला. "तुझीच वाट बघत असतील."

तिने हात धुतले, निळा गाऊन चढवला आणि आत गेली. बाबा नळ्यांच्या गुंत्यात पडले होते, चेहरा मेणासारखा. डोळे अर्धवट उघडे होते. ती जवळ गेल्यावर त्यांच्या ओठांची हालचाल झाली. तिला खाली वाकावं लागलं.

"जिंकलंस?" त्यांनी विचारलं.

"नाय. हरलंय."

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं तिला वाटलं, पण थोड्या वेळाने ते पुटपुटले, "बरां झाला. मगे आता चार दिस हंयसर रव."

तिने पलंगाशेजारचं स्टूल ओढून घेतलं आणि बसली.